कोलॉइडल सिल्वरसाठी पाणी कोणतं घ्यायचं: आरओ, डीआय की डिस्टिल्ड?

कोलॉइडल सिल्वर म्हणजे चांदीचे अतिबारीक कण तरंगत असलेलं पाणी. आधीच सांगतो, हे द्रावण प्यायचं नाही. चांदी शरीरात साठत जाते, कातडी निळसर-करडी पडते, त्याला आर्जिरिया म्हणतात आणि तो रंग सहसा कायमचा राहतो. औषध म्हणून याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, १९९९ मध्येच तसं सांगितलंय. मी हे करतो ते फक्त प्रयोग म्हणून, लेझरचा किरण द्रावणातून आरपार दिसतो तो टिंडल परिणाम बघायला, आणि या प्रयोगात सगळं अडतं ते पाण्यावर.

पहिल्यांदा मी घरातलं आरओचं पाणी घेतलं, म्हटलं पिण्याइतकं स्वच्छ आहे मग अजून काय पाहिजे. त्यात चांदीच्या दोन तारा बुडवून त्यांना बॅटरी जोडली आणि थोड्याच वेळात एका तारेपासून पांढरा धूर खाली उतरावा तशी रेघ सुटायला लागली, ग्लास गढूळ झाला, आणि खिडकीत ठेवलेला तोच ग्लास दुसऱ्या दिवशी बघितला तर तळाशी जांभळट-करडा गाळ. ते सिल्वर क्लोराइड. पाण्यात क्लोराइड असलं की तारेतून सुटलेले चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, त्याला जाऊन चिकटतात, आणि उजेडात तो गाळ काळवंडतो.

म्हणजे इथे प्रश्न जंतूंचा नाहीच, विरघळलेल्या क्षारांचा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे पर्याय आपोआप बाद होतात. यूव्ही जंतू मारतं, क्षाराला हातही लावत नाही. कार्बन फिल्टर क्लोरीनचा वास घालवतो पण त्याच क्लोरीनचं क्लोराइड होऊन पाण्यातच राहतं. उकळून तर उलटंच होतं, वाफ उडून जाते आणि क्षार तेवढेच राहतात म्हणजे पाणी आणखी दाट. बाटलीबंद मिनरल वॉटरचं तर नावातच उत्तर आहे.

आरओ बरेच क्षार काढतं, साधारण ९० टक्क्यांच्या वर, पण मूळ पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ४०० असेल तर ४० उरला तरी या कामाला तो खूप झाला. शिवाय घरगुती मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, ते काढलेले क्षार परत घालतं. माझ्या ग्लासात तेच झालं होतं.

डीआय, म्हणजे क्षारांचे आयन पकडून ठेवणाऱ्या रेझिनमधून काढलेलं पाणी, क्षारांच्या बाबतीत एकदम चांगलं, टीडीएस मीटरवर शून्य येतं. फक्त रेझिन संपत आलं की आयन सुटायला लागतात आणि पाणी दिसायला तसंच असतं, म्हणून दर वेळी मोजायचं.

माझी पसंती डिस्टिल्डला, म्हणजे वाफ गार करून मिळवलेल्या पाण्याला. घरी काढत असाल तर सुरुवातीची थोडी वाफ सोडून द्या, त्यात लवकर उडणारे पदार्थ येतात, आणि आच मंद ठेवा, कारण खळखळून उकळलं की बारीक थेंब उडून क्षारासकट पलीकडे जातात. भांड्यात तळाशी थोडं पाणी राहिलं की थांबा. एसीचं ठिबकणारं पाणी पण डिस्टिल्डच की असं बरेच जण म्हणतात, पण ते धातूच्या कॉइलवरून, धुळीतून आणि बुरशीतून आलेलं असतं, ते नको.

टीडीएस मीटरवर ० किंवा १ आलं की पाणी घ्यायला हरकत नाही. इतकं शुद्ध पाणी वीज नीट वाहून नेत नाही, सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटतं, आणि तिथेच लोक चिमूटभर मीठ टाकतात. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, सगळी मेहनत पाण्यात! थोडं थांबा, चांदीचे आयन सुटले की वेग आपोआप वाढतो. आणि नंतर मीटर जो आकडा दाखवेल तो चांदीचा पीपीएम (दशलक्ष भागांत किती भाग) समजू नका, मीटर फक्त पाणी वीज किती वाहून नेतं ते मोजतो, चांदीचे न विरघळलेले कण त्याला दिसतच नाहीत.

ग्लास काचेचाच घ्या, आणि साबणाने धुतल्यावर त्याच डिस्टिल्ड पाण्याने तीनदा विसळा. एकदा शून्य दाखवणाऱ्या पाण्यात मी नुसतं घामेजलेलं बोट बुडवलं तर मीटरचा आकडा चढला, तेव्हापासून तारांनाही पुसून घेतल्यावर हात लावत नाही.