स्पीकरमधली घरघर अशी गेली

छोट्या कॅफेत कीबोर्ड आणि लॅपटॉप मिक्सरला जोडले की स्पीकर घुमायला लागायचे. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज थांबला, म्हणजे ग्राउंड लूप (दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे तारांमध्ये तयार झालेलं वर्तुळ). मिक्सर काउंटरजवळच्या सॉकेटवर, वाद्यं दुसऱ्या भिंतीवर. दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे केबलच्या शील्डमधून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या आवरणातून) करंट वाहतो आणि 50 हर्ट्झची घरघर ऐकू येते.

आता सगळं एकाच सॉकेटवरून घेतो. लॅपटॉप ट्रान्सफॉर्मरवाल्या पॅसिव्ह (वेगळी वीज न लागणाऱ्या) डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून, एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) केबलने मिक्सरला जातो, बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे शील्डची जोडणी तोडणारं, बटण दाबून. स्टीरिओला (डावा-उजवा वेगळा आवाज) डीआयचे दोन चॅनल लागतात.

प्लगची अर्थिंग पिन मात्र कधीही काढू नका! ती नसेल तर गिटार हातात असताना ओठ माइकला लागले तर जबर शॉक बसू शकतो.

सिंगल-कॉइल गिटारची (जिच्या तारांखालच्या पिकअपमध्ये एकच कॉइल असते) घरघर वेगळी. तिथे अँप्लिफायरपासून लांब जाऊन थोडं वळून उभं राहायचं.