क्लिकचे पैसे आज, कमिशन नंतर

पुण्यात डेक्कनपासून कर्वेनगरपर्यंत डिजिटल मार्केटिंगच्या क्लासेसच्या पाट्या दिसतात आणि तिथून बाहेर पडलेली मुलं हमखास एकच प्रश्न घेऊन येतात, "दादा, जाहिरात लावायची कशी?" ते अर्ध्या तासाचं काम आहे. मी उलट विचारतो, एका क्लिकला जास्तीत जास्त किती रुपये परवडतील तुला? इथे बहुतेक जण गप्प होतात.

पे-पर-क्लिक ॲफिलिएटमध्ये आपण पदरच्या पैशाने गूगलवर जाहिरात देतो, तिच्यावरच्या प्रत्येक क्लिकचे पैसे भरतो, ग्राहक दुसऱ्याच्या दुकानात खरेदी करतो आणि आपल्याला कमिशन मिळतं. समजा, ट्रेकिंगच्या बुटांच्या एका जोडीमागे 300 रुपये सुटतात आणि शंभर क्लिकमधून दोघे खरेदी करतात. म्हणजे शंभर क्लिकमागे 600, एका क्लिकमागे 6 रुपये. पण बूट मापाचे निघाले नाहीत की परत जातात, आणि परत गेलेल्या मालावर कमिशन नसतं. चारातला एक जोड परत गेला तर 6 चे साडेचार झाले. वर गूगलच्या बिलात 18 टक्के जीएसटी. तुमची नोंदणी नसेल तर तोही खिशातूनच. राहिले साधारण 3 रुपये 80 पैसे, आणि तेवढ्यात क्लिक मिळाला तरी नफा शून्यच. हा आकडा कागदावर मांडल्याशिवाय कार्ड बाहेर काढू नका.

आकडा जुळला तरी दुसरी अडचण उभी असते. क्लिकचे पैसे लगोलग कापले जातात. कमिशन मात्र आधी 'पेंडिंग' दिसतं. परतीची मुदत संपून, विक्रेत्याची मान्यता मिळून ते बँकेत यायला दोन-तीन महिने सहज जातात. चांगली चाललेली जाहिरातही हातात पैसा नाही म्हणून बंद करावी लागते, ती इथेच. मेसचे आणि रूमच्या भाड्याचे पैसे यात घालू नका. उसने तर मुळीच नाही. आणि रोजचं बजेट 500 लावलं म्हणून निर्धास्त राहू नका. गूगल एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं. महिन्याचा खर्च तेवढा रोजच्या बजेटच्या 30.4 पटीत ठेवतं.

पैसा सर्वांत जास्त गळतो तो शब्दांमधून, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसावी म्हणून आपण जे शब्द निवडतो त्यांतून. पावसाळा तोंडावर आला की सिंहगड-राजगडाचे बेत ठरतात आणि बुटांची शोधाशोध सुरू होते. ब्रॉड मॅचवर, म्हणजे जवळपासच्या शोधांवरही जाहिरात दाखवणाऱ्या सेटिंगवर, 'ट्रेकिंग शूज' ठेवलंत तर 'ट्रेकिंग शूज भाड्याने' किंवा 'बुटाचा सोल चिकटवून मिळेल का' अशा शोधांवरही जाहिरात झळकू शकते. भाड्याने मागणारा पुणेकर नवे बूट कशाला घेईल? क्लिक मात्र तो करतो, उत्सुकता फुकट असते. म्हणून भाड्याने, दुरुस्ती, सेकंडहँड, कस्टमर केअर हे शब्द पहिल्याच दिवशी निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत टाका, आणि इंग्रजी अक्षरांतही टाका. कित्येक जण मराठी तशीच टाइप करतात. त्यानंतर लोकांनी नक्की काय शोधलं हे दाखवणारा सर्च टर्म्सचा रिपोर्ट रोज उघडायचा. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धा धंदा तिथेच आहे. लोकेशनमध्ये पुणे निवडलं तरी मूळ सेटिंगमुळे पुण्यात 'रस' असलेल्या बाहेरच्या लोकांनाही जाहिरात दिसते. तेही बदलून घ्या.

नियमांबद्दल थोडक्यात. जाहिरातीवरून आलेल्या माणसाला नुसतं पुढे ढकलणारं पान गूगलला चालत नाही. पानावर तुमचं स्वतःचं काहीतरी लागतं, म्हणजे बूट घालून पाहिल्यावर काय वाटलं, ओल्या कातळावर पकड कशी आहे, असं. बऱ्याच कंपन्या त्यांच्या ब्रँडच्या नावावर बोली लावू, म्हणजे ते नाव शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवू देत नाहीत. ॲमेझॉनच्या असोसिएट्स कार्यक्रमात सर्च जाहिरातीवरून थेट ॲमेझॉनवर माणूस पाठवायलाही मनाई आहे. अटी वाचल्या नाहीत तर जमलेलं कमिशनही रोखलं जाऊ शकतं.

राहिलं ट्रॅकिंग. विक्री दुसऱ्याच्या साइटवर होते, तिथे विक्री मोजणारा आपला कोड बसवता येत नाही. मग कुठल्या शब्दाने पैसे आणले आणि कुठल्याने खाल्ले, हे कळणार कसं? बऱ्याच ॲफिलिएट नेटवर्कवर, म्हणजे विक्रेत्यांशी आपल्याला जोडणाऱ्या कंपन्यांकडे, लिंकला सब-आयडी, म्हणजे आपली एक खूण जोडता येते. प्रत्येक शब्दाच्या गटाला वेगळा सब-आयडी द्या, आठवड्याला नेटवर्कचा रिपोर्ट आणि गूगलचा खर्च एका शीटमध्ये शेजारी ठेवा. ही शीट तयार नसेल तर जाहिरात एक दिवस उशिरा सुरू करा.