पितळी डबीवर फौजी बाण उठवताना

1825 साली जेम्स आउट्रम या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं आमच्या धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. मी याच गावचा, म्हणून नाटकासाठी फौजी वस्तू करून द्यायला मला मनापासून आवडतं.

ब्रिटिश सरकारी मालावर तीन रेघांचा बाण असे, टोक वर. हिंदुस्थान सरकारच्या मालावर बाणाखाली रोमन ‘आय’. माल विकायला काढला की दुसरा बाण उलटा, टोकाला टोक लावून मारत.

डबीत लोखंडी आधार घट्ट बसवा, पोकळ राहिली तर खड्डा पडतो. बारीक छन्नीची धार कानशीनं थोडी बोथट करा, नाहीतर पत्रा चिरतो. मधली रेघ आधी, मग बाजूच्या दोन. तिन्ही वर एकाच बिंदूला. रेघेला एकच घाव! दुसरा बसला की रेघ दुहेरी दिसते. आधी भंगार पत्र्यावर वीसेक बाण मारून हात बसवा. लाकडी पेटीला मात्र पत्र्याचा साचा आणि काळा रंग पुरे.

खऱ्या जुन्या वस्तूला छन्नी लावू नका. माझी एक डबी कुणीतरी अस्सल म्हणून विकली, ते अजून सलतं. तेव्हापासून तळाला माझं अक्षर आणि चालू साल आधी ठोकतो, बाण नंतर.