टॅबलेटची हार्डनेस घेताना जबडा पुसा, आणि गोळी एकाच दिशेने ठेवा

कॉम्प्रेशनवर, म्हणजे पावडर दाबून गोळी बनवतात त्या कामावर, नवीन लागलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, हार्डनेस टेस्टरमध्ये (गोळी दोन जबड्यांत दाबून किती जोराला फुटते ते मोजणारं यंत्र) एक गोळी फुटली की लगेच दुसरी टाकू नका, आधी ब्रशने जबड्यातला चुरा काढा, कारण तो बारीक चुरा पुढच्या गोळीच्या कडेला अडकतो, दाब नीट बसत नाही आणि रीडिंग चुकतं, मग आपण उगाच मशीनचं प्रेशर कमीजास्त करत बसतो.

दुसरं म्हणजे मधे रेघ असलेली गोळी. रेघ जबड्याला समांतर ठेवली तर एक आकडा येतो, आडवी ठेवली तर वेगळाच, म्हणून दहाच्या दहा गोळ्या एकाच पद्धतीने ठेवा आणि कशी ठेवली ते रेकॉर्डमध्ये लिहा. कॅप्सूलसारख्या लांबट गोळीचंही तसंच.

मोन्सँटोवर (हाताने स्क्रू फिरवून चालवायचा हार्डनेस टेस्टर) काम करत असाल तर गोळी नुसती टेकवून आधी झिरो बघा, मग स्क्रू हळू आणि एकाच वेगाने फिरवा. आकडा किलोत आणि स्पेक (ठरवून दिलेली मर्यादा) न्यूटनमध्ये असेल तर ९.८ ने गुणायचं, घाईत हे खरंच राहून जातं. आणि नुसती सरासरी बघू नका हो, सगळ्यात कमी आलेली गोळी कुठल्या स्टेशनची, म्हणजे मशीनवरच्या कुठल्या पंच-डायच्या जोडीतली, ते शोधा.