तोत्तोचान मुलांना वाचून दाखवायचंय? आधी तो बिचारा-बिचारीचा सूर सोडा

तेत्सुको कुरोयानागींचं 'तोत्तोचान' १९८१ साली जपानमध्ये आलं, तोत्तोचान नावाच्या लहान मुलीची आणि तिच्या तोमोए शाळेची गोष्ट. बरेच जण ते शाळा कशी असावी म्हणून वाचतात, पण मुलांशी अपंगत्वावर बोलायचं असेल तर फार कामाचं पुस्तक आहे. प्रकरणं छोटी आहेत, एका बैठकीला एकच घ्या.

सुरुवात झाडावर चढायच्या प्रकरणाने करा. तिच्या वर्गातल्या यासुआकीला पोलिओ झालेला, तोत्तोचान त्याला स्वतःच्या झाडावर बोलावते, साधी शिडी आणते, जमत नाही, मग घडीची शिडी ओढत आणते आणि शेवटी अक्षरशः खेचून त्याला वर घेते. इथे आवाज रडवेला करू नका हां, हे धाडस आहे, तसंच वाचा. वर बसल्यावर तो तिला टीव्ही नावाच्या खोक्याबद्दल सांगतो आणि हिला प्रश्न पडतो की एवढे सुमो पैलवान पेटीत मावणार कसे. मुलं हसतील, हसू द्या. तिने त्याला झाड दाखवलं, त्याने तिला टीव्ही सांगितला, हिशोब तिथल्या तिथे फिटला.

मग क्रीडादिनाचं प्रकरण. वाचायच्या आधी विचारा, ज्याचे हातपाय आखूड आहेत आणि उंची वाढणार नाही तो वर्गातला ताकाहाशी कितवा येईल? तो पहिला येतो! कारण मुख्याध्यापक कोबायाशींनी खेळच तसे आखलेत, कापडी माशाच्या पोटातून सरपटत पार व्हायचं वगैरे, आणि मुद्दाम कोणीच हरलेलं नाही. आता मुलांना असा एक खेळ बनवायला सांगा जो धावता न येणारा मित्र खरोखर जिंकू शकेल. पहिलं उत्तर बहुतेक 'त्याला दहा पावलं पुढे उभं करू' असं येईल, ते बाद करा, खेळच बदलायला लावा. (आपल्याला पण पटकन सुचत नाही, करून बघा.)

शेपटीचं प्रकरण मोठ्यांनी आधी एकट्याने वाचा. वर्गाच्या बाई ताकाहाशीला गमतीत 'तुला शेपटी आहे का' असं बोलतात आणि कोबायाशी नंतर त्यांना स्वयंपाकघरात, बाकी शिक्षकांना ऐकू जाणार नाही असं झापतात.

यासुआकी पुढे मरण पावतो. ते प्रकरण गाळू नका, फक्त झोपायच्या वेळी नको. आणि 'यातून काय शिकलास' हे तर विचारूच नका प्लीज.

मुलं विचारतीलच, हे खरं आहे का? खरंच आहे, लेखिकेच्याच लहानपणीचं आहे. तोमोए शाळा टोकियोतली, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. पुस्तकाच्या मानधनातून कुरोयानागींनी संस्था काढली, ती कर्णबधिर कलाकारांच्या नाटकांना पाठबळ देते, हेही सांगा.