वायडब्ल्यूसीएत मदतीला जायचंय? मग हे आधी वाचा

अमेरिकेत हात मोकळे झाले की आपली माणसं मंदिर नाहीतर महाराष्ट्र मंडळ गाठतात. तेही करा. पण जवळपास वायडब्ल्यूसीए, म्हणजे बायकांसाठी आणि वंशभेदाविरुद्ध काम करणारी संस्था, असेल तर तिथेही डोकावा. मी तिथे मराठी-हिंदी दुभाषी म्हणून जाते.

प्रत्येक शाखेचा कारभार वेगळा. कुठे पाळणाघर, कुठे घरातल्या मारहाणीतून सुटलेल्या बायकांसाठी निवारा, कुठे नोकरीचं प्रशिक्षण. तेव्हा आधी फोन करून 'तुम्हाला कशाची गरज आहे?' एवढंच विचारा. बॅकग्राउंड चेक होणारच, राग मानू नका. एच-फोरवर, म्हणजे नोकरीवाल्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल आणि कामाची परवानगी नसेल, तर जे काम एरवी पगारी माणूस करतो ते फुकटसुद्धा अंगावर घेऊ नका. शंका वाटली तर वकिलाला विचारा.

पीडित बायकांसोबत काम करायचं तर प्रशिक्षण लागतं. कॅलिफोर्निया, इलिनॉयमध्ये ते 40 तासांचं असतं. तास मोजून कंटाळू नका. ते पूर्ण केलेल्या समुपदेशकाशी झालेल्या बोलण्याला कायद्याने गोपनीयतेचं संरक्षण मिळतं.

दुभाष्याचं काम दिसतं सोपं. समोर मराठी बाई आली की आपल्या तोंडून पहिलं काय निघतं? 'तुम्ही कुठल्या? आडनाव काय?' त्या खोलीत हे विचारायचं नाही. गावाचं नाव निघालं की पुढे ओळखी निघतात, आणि ती गप्प होते. तिचा नवरा तुमच्या मंडळात तबला वाजवत असू शकतो! ओळखीची निघालीच तर लगेच कोऑर्डिनेटरला सांगून बाहेर या, आणि घरी चहा पितानाही विषय काढू नका.

ती 'मी निघून आले' म्हणाली तर इंग्रजीतही 'मी'च म्हणायचं, 'ही म्हणते की' नाही. ती थांबली तर आपणही थांबायचं. आणि 'अहो, पोरांकडे बघून जरा सांभाळून घ्या' हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळायचं. तो सल्ला तिला आधी घरच्यांनी दिलेला असतो.

आता दुसरा भाग. बायकांसाठी काम म्हटलं की आपण उत्साहात असतो, वंशभेदावरची कार्यशाळा म्हटली की नेमकी मुलांची पोहण्याची क्लास आठवते. तिथेही जा. या संस्थेने 1946 साली आपल्या कामात वंशभेद राहू न देण्याची सनद स्वीकारली, 1970 साली वंशवाद संपवणं हे एकमेव ध्येय ठरवलं. त्याच 1946 साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीय आणि अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं. आणि आपल्याला इथे येण्याची वाट मोकळी करणारा 1965चा इमिग्रेशनचा कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यातच झाला. कार्यशाळेत 'आमच्याकडे असलं काही नसतं' म्हणू नका. मुलीसाठी 'गोरा' मुलगा शोधणारे आपणच.

वेळ नसेल तर वस्तू द्या, पण जुन्या कपड्यांची पोती नेऊन टाकू नका. ती निवडण्यातच तिथल्या लोकांचा दिवस जातो. त्यांची यादी मागा: डायपर, नवे अंतर्वस्त्र, किराण्याची गिफ्ट कार्डं असं काही असतं. पैसे देणार असाल तर ऑफिसात मॅचिंगची सोय आहे का ते एचआरला विचारा. बऱ्याच कंपन्या तेवढीच रक्कम स्वतःकडून घालतात, फक्त फॉर्म वेळेत भरायला हवा.