इंटरफेरॉनचा सिग्नल दिसत नाहीये? आधी या चुका टाळा

सेल्स इन्फेक्ट केल्या, इंटरफेरॉन बीटाची (व्हायरस आला की सेल्स बनवतात ते इशाऱ्याचं प्रोटीन) क्यूपीसीआर (जीन किती चालू आहे ते मोजणारी टेस्ट) लावली आणि काहीच वाढलेलं दिसलं नाही की लगेच निष्कर्ष तयार, "व्हायरस पाथवे (सिग्नलची साखळी) दाबतोय." असेलही, पण आधी सेल लाइन कुठली ते तर बघा. व्हेरो सेल्समध्ये टाइप १ इंटरफेरॉनचे जीन्सच उडालेले आहेत, बाहेरून इंटरफेरॉन दिलं तर रिस्पॉन्स देतील पण स्वतः बनवणार नाहीत. हुह ७.५ मध्ये रिग-आय (व्हायरसचा आरएनए ओळखणारा सेन्सर) बिघडलेला असतो, आणि २९३टी मध्ये सीगॅस-स्टिंग (डीएनए ओळखणारी प्रोटीन्सची जोडी) जवळपास नसतंच, तिथे डीएनए सेन्सिंग शोधत बसू नका.

पॉली आय-सी (डबल स्ट्रँडेड आरएनएची नक्कल) नुसतं मिडियात टाकलं तर ते एंडोसोममधल्या (सेलच्या आतल्या पिशव्यांमधल्या) टीएलआर३ या सेन्सरपर्यंत जातं. रिग-आय आणि त्याच्यासारखाच एमडीए५ सायटोप्लाझममध्ये असतात, त्यांच्यासाठी ट्रान्सफेक्शन (रिएजंटने सेलच्या आत पोचवणं) लागतं. टीएलआर३ चा सिग्नल ट्रिफ या प्रोटीनमधून जातो, रिग-आय आणि एमडीए५ वापरतात त्या मॅव्हसमधून नाही, त्यामुळे मॅव्हस नॉकआउटमध्येही (मॅव्हसचा जीन मोडलेल्या सेल्समध्येही) सिग्नल आला म्हणून चांगला क्लोन फेकून देऊ नका!

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेळेचा. इंटरफेरॉन दिल्यावर स्टॅट१ चं (इंटरफेरॉनचा सिग्नल पुढे नेणारं प्रोटीन) टायरोसिन ७०१ साधारण अर्ध्या तासात फॉस्फोरिलेट होतं, म्हणजे त्याला फॉस्फेट लागतो, मग सॉक्स१, यूएसपी१८ वगैरे ब्रेक लावतात आणि २४ तासांनी ब्लॉट (प्रोटीनचे बँड दाखवणारी टेस्ट) केला तर फॉस्फो बँड फिका, टोटल स्टॅट१ मात्र वाढलेलं, कारण स्टॅट१ स्वतःच इंटरफेरॉनमुळे वाढणारा जीन आहे. आता हे बघून कोणी फॉस्फो भागिले टोटल काढून "पाथवे बंद" लिहिलं तर गंमतच. टाइम कोर्स करा, आणि लायसिस बफरमध्ये फॉस्फेटेज इनहिबिटर घाला, सँपल बर्फावर ठेवा, हे सांगायला नको पण सांगावं लागतं. इन्फेक्शनमध्ये इंटरफेरॉन आधी बनावं लागतं, म्हणून तिथे स्टॅट१ उशिरा पेटतं, त्याआधीचं बघायचं तर आयआरएफ३ चं (इंटरफेरॉनचा जीन चालू करणारं प्रोटीन) फॉस्फोरिलेशन बघा.

उलटा त्रास पण होतो, कंट्रोलमध्येच सिग्नल. टी७ एन्झाइमने बनवलेल्या आरएनएच्या ५ प्राइम टोकाला ट्रायफॉस्फेट असतो, शिवाय सोबत थोडा डबल स्ट्रँडेड आरएनए पण तयार होतो, आणि रिग-आयला नेमकं हेच हवं असतं. फॉस्फेटेज लावून नीट प्युरिफाय करा. सीगॅस शाबूत असलेल्या सेल्समध्ये तर नुसता रिकामा प्लाझमिडही पाथवे चालू करतो, म्हणून प्लेटमधली एक वेल फक्त ट्रान्सफेक्शन रिएजंट देऊन वेगळी ठेवा. तरीही बॅकग्राउंड जात नसेल तर मायकोप्लाझ्मा (सेल्समध्ये लपून वाढणारे बॅक्टेरिया) टेस्ट करून घ्या.

आणि डीएमएक्सएए (स्टिंग चालू करणारं रसायन) माणसाच्या सेल्सवर वापरत असाल तर थांबा, ते फक्त उंदराच्या स्टिंगला चालतं.